बॉण्ड, ऐयार आणि आपला तिसरा बाक

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी मला बजावलंय, 'पाचच मिनिटं बोल आणि राजकारण नको.' म्हणून ज्या विषयावर बोलताना मी वर्गात सगळ्यात जास्त वेळा पकडला गेलो, तोच घेतलाय. गुप्तहेर आणि जादूच्या मालिका.

१९९४ साल आठवा. दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'चंद्रकांता' लागायची आणि सोमवारी मधल्या सुट्टीत क्रूरसिंहाचा 'यक्कू' सगळ्या वऱ्हांड्यात घुमायचा. देवकीनंदन खत्रींची ही कादंबरी १८८८ सालची. ती वाचता यावी म्हणून त्या काळी कित्येक जण हिंदी शिकले, असं सांगतात. आम्ही मात्र ती बघता यावी म्हणून शेजाऱ्यांच्या दारात चपला काढायचो.

तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसणारा मुलगा पद्मानगरचा. घरी तेलुगू, वर्गात मराठी आणि मागावरच्या कामगारांशी अस्सल भिवंडीची हिंदी. बोली बदलली की चेहरासुद्धा बदलायचा, म्हणून त्याचं नावच आपण 'ऐयार' ठेवलं होतं. ऐयार म्हणजे वेष पालटणारा हेर, कमरेला बटवा आणि बटव्यात बेशुद्धीची पूड. मालिकेतला बद्रीनाथ ऐयार म्हणजे आपला इरफान खान. पुढे तो जगभर गाजला, पण आपण त्याला आधीपासून ओळखत होतो, हा आपला खास अभिमान!

मी बॉण्डच्या बाजूचा. गाड्या, घड्याळं, पिस्तुलं. एकदा आम्ही दोघांनी व्हिडिओवर 'ऑक्टोपसी' पाहिला. १९८३चा सिनेमा, उदयपूरला चित्रित झालेला. टेनिसपटू विजय अमृतराज त्यात बॉण्डचा मदतनीस आहे, रॅकेटनं गुंडांना झोडपतो. आणि मध्येच मारला जातो. मी विचारलं, 'काय, कसा वाटला?' ऐयार म्हणाला, 'साहेब वाचला, आपला गेला. आणि पिक्चर चालूच!' मग त्यानं मला ऐकवलं, 'चंद्रकांतात बघ, ऐयार पकडला गेला तर कैदेत टाकतात, जिवे मारत नाहीत. त्यांचा कायदाच आहे तसा.' मी हरलो, पण तेव्हा कबूल केलं नाही.

नववी संपली आणि जूनमध्ये तो आलाच नाही. वडील आजारी पडले, थोरला म्हणून हा कारखान्यात गेला. आधी कांड्या भरल्या, मग माग चालवले, बारा-बारा तासांची पाळी. मी एकदोनदा चौकशी केली. मग दहावीचे क्लास सुरू झाले. खरं सांगू? पिक्चर चालूच राहिला.

नंतर आपण खूप पाहिलं. 'गेम ऑफ थ्रोन्स'चे आठही सीझन पाहून शेवटावर शिव्या घातल्या. 'राझी' पाहून गप्प झालो. माझं मत विचाराल, तर अलीकडचा सगळ्यात खरा हेर 'फॅमिली मॅन'मधला श्रीकांत तिवारी. देश वाचवतो आणि घराच्या कर्जासाठी बँकेत खुर्चीवर ताटकळतो. हे मत मला कुणाला तरी सांगायचं होतं आणि ते कुणाला, हे मागच्या महिन्यात कळलं.

धामणकर नाक्यावर हाक आली, 'काय बॉण्ड!' केस पांढरे, आवाज तोच. माग विकले गेले, आता गोदामात रात्रपाळीला असतो. चहा घेतला, श्रीकांत तिवारीवर अर्धा तास भांडलो. मी म्हणालो, 'मेळाव्याला ये.' तो म्हणाला, 'मी कुठे तुमच्या बॅचचा? मी दहावीला नव्हतो ना.'

मी घरी येऊन आपली यादी उघडली. खरंच, त्याचं नाव नाही. आपण ती दहावीच्या निकालावरून केली आणि ती करणाऱ्यांत मीही होतो. मग आठवायला बसलो. एकटा तोच नव्हे. कुणी मागावर गेलं, कुणी गावी परत गेलं, दोन मुलींची लग्नं झाली. आठवीत आपल्याच बाकांवर बसलेली ही मुलं निकालाच्या कागदावर नाहीत, म्हणून आपल्या यादीत नाहीत.

आयोजकांना एकच विनंती. पुढच्या वेळी यादी निकालावरून नको, आठवीच्या हजेरीपटावरून करू या. बाई, तुम्हाला आमची नावं क्रमानं पाठ होती. कागद सापडला नाही, तर तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो. शोधायचं काम माझ्याकडे द्या. इतकी वर्षं हेरांचे सिनेमे पाहिलेत, काही तरी उपयोग होऊ दे!

ऐयार आज पाळी असल्यामुळे आलेला नाही. पण त्याचा निरोप आहे : बॉण्डपेक्षा बद्रीनाथच भारी. मला मान्य आहे, आणि हे तुमच्या सगळ्यांसमोर सांगायचं राहिलं होतं.