श्रीलंकेतील तमिळ आणि दोन किनाऱ्यांवरचे डावे

(पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरलेल्या त्या शेतकऱ्यांचे भांडण सिडकोशी आणि शासनाशी होते. नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी जात होत्या. त्यांचा भाव कोण ठरवणार आणि विकसित जमिनीत मूळ मालकाचा वाटा किती, हा वादाचा मुद्दा होता. साडेबारा टक्क्यांची योजना त्यातून आली. न्हावा-शेवा बंदरावर उद्या कामाला येणारा मजूर कोणती भाषा बोलेल, याची चौकशी त्या लढ्याने केली नाही. खाडीपलीकडे मुंबईत मात्र त्याआधी अठरा वर्षे 'भूमिपुत्र' हा शब्द एका वेगळ्याच अर्थाने चलनात आला होता. तेथे भूमिपुत्राचा प्रतिपक्षी म्हणजे कचेरीतला मद्रासी टंकलेखक आणि कोपऱ्यावरचा उडुपी हॉटेलवाला असे ठरले होते. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये किती अंतर आहे, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी श्रीलंकेचा इतिहास वाचावा.

मे २००९ मध्ये तेथील यादवी युद्ध संपले. प्रभाकरन मारला गेला, कोलंबोच्या रस्त्यांवर विजयोत्सव झाला, आणि भारतातल्या वृत्तपत्रांनीही बहुधा तो विषय तेथेच मिटवला. वस्तुतः ज्या प्रश्नातून युद्ध जन्मले तो बंदुकीने सुरू झाला नव्हता. त्याची सुरुवात नागरिकत्वाच्या कायद्यापासून आणि सरकारी कचेरीतल्या अर्जाच्या भाषेपासून झाली.

पहिला घाव पडला तो मळेकामगारांवर. ब्रिटिशांनी तमिळनाडूतून नेऊन चहाच्या मळ्यांवर राबवलेल्या या लक्षावधी माणसांचे नागरिकत्व स्वातंत्र्याच्या पहिल्याच वर्षी, १९४८ च्या कायद्याने हिरावले गेले. पुढच्या वर्षी मताधिकारही गेला. १९४७ च्या निवडणुकीत या कामगारांनी स्वतःचे प्रतिनिधी निवडून आणले होते आणि इतरत्र त्यांची मते डाव्यांकडे वळली होती, हे येथे विसरता येत नाही. मते काढून घेण्याची घाई सत्ताधाऱ्यांना का झाली ते त्यावरून उमगते. जाफन्याचे प्रतिष्ठित तमिळ पुढारी जी. जी. पोन्नम्बलम त्या वेळी मंत्रिमंडळात शिरले. मळ्यावरचा तमिळ आणि जाफन्याचा वकील यांची भाषा एक असली तरी हितसंबंध एक नव्हते. चेल्वनायकम यांनी मात्र या प्रश्नावर पोन्नम्बलमांची साथ सोडली आणि १९४९ मध्ये फेडरल पक्ष काढला. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो कराराने सव्वापाच लाख माणसे भारताकडे आणि तीन लाख सिलोनकडे अशी वाटणी केली; उरलेल्या दीड लाखांचे नंतर पाहू, असे ठरले. दोन सार्वभौम राष्ट्रांनी कामगारांची अशी वाटणी करावी आणि कामगारांना कोणी विचारूही नये!

भाषेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता, आणि त्यात सिंहली सामान्य माणसाची तक्रार खोटी नव्हती हे प्रथम मान्य केले पाहिजे. राज्यकारभार इंग्रजीत चालत होता. खेड्यातल्या सिंहली शाळेत शिकलेल्या मुलाला कारकुनीही मिळत नव्हती. जाफन्यात मिशनऱ्यांच्या शाळा लवकर निघाल्या, जमीन कोरडी आणि अपुरी, म्हणून तेथला मुलगा इंग्रजी शिकून नोकरीत शिरला. यावर न्याय्य उपाय होता तो स्वभाषेचा: इंग्रजी जावी, तिच्या जागी सिंहली आणि तमिळ दोन्ही याव्यात. १९४४ मध्ये विधिमंडळाने असा ठराव केलाही होता. डॉ. लोहियांची 'अंग्रेजी हटाओ'ची भूमिका ज्यांनी नीट समजून घेतली त्यांना हे सहज पटेल. तीही इंग्रजीविरुद्ध होती, शेजाऱ्याच्या भाषेविरुद्ध नव्हती.

परंतु १९५६ मध्ये बंदरनायके 'फक्त सिंहली' या घोषणेवर निवडून आले आणि त्याच वर्षी तसा कायदा झाला. इंग्रजीवरचा राग तमिळवर वळवला गेला. पुढच्या वर्षी बंदरनायके यांनीच चेल्वनायकम यांच्याशी करार केला आणि उत्तर व पूर्व प्रांतांचा कारभार तमिळमध्ये चालेल असे मान्य केले. भिक्षूंनी त्यांच्या दारात ठाण मांडताच एप्रिल १९५८ मध्ये तो करार मोडण्यात आला. त्याच सुमारास वाहनांच्या क्रमांकपट्टीवर सिंहली 'श्री' अक्षर सक्तीचे झाले. उत्तरेत तमिळांनी त्या अक्षराला डांबर फासले, दक्षिणेत तमिळ पाट्यांना डांबर लागले, आणि काही आठवड्यांत देशभर दंगली पेटल्या. पाट्यांना डांबर फासण्याचा उद्योग मराठी वाचकाला अपरिचित नाही.

या सगळ्यात डावे काय करीत होते? समाजवादी विचाराच्या माणसाने या प्रश्नाशी अधिक काळ थांबावयास हवे.

आरंभी त्यांनी जे केले ते अभिमानाने सांगावे असे आहे. लंका समसमाज पक्षाने नागरिकत्वाच्या कायद्याला विरोध केला. १९५५ मध्ये एन. एम. परेरा यांनी दोन्ही भाषांना समान दर्जा देण्याचा ठराव संसदेत मांडला. पक्षाच्या सभा उधळल्या गेल्या तरी पक्ष हटला नाही. कोल्विन डी सिल्वा यांनी तर १९५६ मध्येच बजावले की भाषा एकच ठेवाल तर देशाचे दोन तुकडे होतील, आणि दोन भाषा मान्य कराल तर देश एक राहील. इतके स्वच्छ भाकीत राजकारणात क्वचितच केले जाते.

मग १९६४ आले. समसमाज पक्ष सिरिमावो बंदरनायके यांच्या सरकारात सामील झाला. परेरा अर्थमंत्री झाले. सत्तेचा हा भागीदार गमवावयाचा नाही, या हिशेबाने भाषेचा आग्रह मागे पडत गेला. जानेवारी १९६६ मध्ये दुसऱ्या पक्षाचे सरकार तमिळ भाषेला थोडीशी सवलत देऊ लागले तेव्हा तिच्याविरुद्धच्या निदर्शनात समसमाजवादी आणि कम्युनिस्ट दोघेही होते. पंतप्रधान दुदली सेनानायके यांच्या पोटात मसालेवडे भरले आहेत, अशी तमिळांना हिणवणारी घोषणा त्या काळात डाव्यांच्या मिरवणुकीतून ऐकू आली. आणि १९७२ चे प्रजासत्ताक संविधान! सिंहलीचे स्थान त्याने पक्के केले, बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले, अल्पसंख्याकांना संरक्षण देणारे जुन्या संविधानातले कलम गाळले. ते घडवणारे मंत्री होते कोल्विन डी सिल्वा. तीन वर्षांनी त्यांच्या पक्षाला सरकारातून काढण्यात आले आणि १९७७ च्या निवडणुकीत त्यांना किंवा कम्युनिस्टांना एकही जागा मिळाली नाही. ज्या सिंहली मतांसाठी हे सारे केले ती मतेही राहिली नाहीत. तमिळ तरुणाने तर डाव्यांकडे पाहणेच सोडले होते. जाफन्याचे ग्रंथालय १९८१ मध्ये जळाले, १९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची कत्तल झाली, आणि पुढची सव्वीस वर्षे युद्धाची गेली.

मुंबईत काय झाले ते याच्याशेजारी ठेवून पाहावे. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली. 'मार्मिक'मधून कंपन्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या याद्या छापल्या जात होत्या. मसालेवड्याच्या जागी येथे लुंगी होती, एवढाच फरक. येथेही मराठी सुशिक्षित बेकाराची तक्रार खोटी नव्हती; तिचे उत्तर भांडवलदाराकडे मागावयाचे ते शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाकडे मागितले गेले. आणि १९६८ च्या महापालिका निवडणुकीत याच शिवसेनेशी समझोता केला तो प्रजासमाजवादी पक्षाने. काँग्रेसला हटवणे आणि कम्युनिस्टांना रोखणे, असे त्याचे समर्थन होते. शिवसेना ४२ जागा घेऊन महापालिकेत आली. १९७० च्या जूनमध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा पराभव करून शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. मुंबईचे कोलंबो झाले नाही, आणि तुलना ताणण्याचेही कारण नाही. भारतीय संविधान आणि भाषावार प्रांतरचना यांनी मोठा आधार दिला. परंतु समाजवाद्यांच्या त्या समझोत्याची चिकित्सा समाजवाद्यांनीच पुरेशी केलेली नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: बेळगावात मराठी माणसावर अन्याय होत असताना मुंबईत उदारपणा का दाखवावा? उलट विचार करावा. १ नोव्हेंबर १९५६ पासून बेळगावचा मराठी माणूस अल्पसंख्याक आहे. तो काय मागतो? सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. परंतु त्याची रोजची मागणी साधी आहे. ज्या भागात पंधरा टक्क्यांहून अधिक वस्ती असेल तेथे सरकारी कागद त्या लोकांच्या भाषेत मिळावेत, मुलाला प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे. संविधानाचे ३५० (अ) कलम नेमके यासाठी १९५६ मध्ये घातले गेले. १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरुद्ध लढताना सीमाभागात माणसे गोळीला बळी पडली. २०१४ मध्ये येळ्ळूरचा मराठी फलक पोलिसांच्या बंदोबस्तात तोडला गेला. हीच मागणी जाफन्याची, आणि हीच धारावीतल्या तमिळ शाळेची. बेळगावात जो हक्क म्हणून मागावयाचा तो मीरा रोडच्या दुकानदाराला थप्पड मारून नाकारावयाचा, यात बेळगावच्या मराठी माणसाचेच वकीलपत्र फाडले जाते.

तमिळ वाघांचा कैवार घेण्याचा येथे प्रश्नच नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये त्यांनी उत्तर प्रांतातून सुमारे सत्तर हजार मुसलमानांना काही दिवसांत, काही ठिकाणी काही तासांत, हाकलून दिले. ते मुसलमान तमिळच बोलत होते. अमृतलिंगम, नीलन तिरुचेल्वम यांच्यासारखे वाटाघाटींचा मार्ग धरणारे तमिळ नेते वाघांनीच मारले. अल्पसंख्याकाने बहुसंख्याकाचा धडा गिरवला तर त्याच्याही अल्पसंख्याकाला जागा उरत नाही.

युद्धानंतर सरकारनेच नेमलेल्या आयोगाने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यातली एक शिफारस अशी की, सरकारी कचेऱ्यांत तमिळ जाणणारा अधिकारी असावा, पोलीस ठाण्यात तो चोवीस तास असावा आणि तक्रारदाराचा जबाब त्याच्या भाषेत लिहिला जावा. तमिळ ही १९८७ पासून संविधानाने राजभाषा आहे! लाखाच्या घरात माणसे मेल्यावर राज्य पुन्हा येऊन उभे राहिले ते १९५७ च्या करारापाशी. उत्तरेत लष्कराने घेतलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून केप्पापुलवूच्या बायका २०१७ मध्ये तळाबाहेर बसून राहिल्या. त्यांचे दुःख पनवेल-उरणच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. २०१६ मध्ये स्वातंत्र्यदिनी राष्ट्रगीत तमिळमध्येही गायले गेले. २०२० मध्ये नवे सरकार येताच ते थांबले.

२०२४ च्या नोव्हेंबरात जनता विमुक्ती पेरमुनाच्या नेतृत्वाखालील आघाडीने २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या, आणि जाफना जिल्ह्यातही सहापैकी तीन. तमिळ मतदाराने सिंहली डाव्यांवर इतका विश्वास टाकल्याचे उदाहरण जुने आठवूनही सापडत नाही. हाच पक्ष १९८७ च्या भारत-श्रीलंका कराराविरुद्ध शस्त्र घेऊन उठला होता. उत्तर आणि पूर्व प्रांतांचे एकत्रीकरण रद्द करून घेण्यासाठी २००६ मध्ये हाच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्या करारातून निर्माण झालेल्या उत्तर प्रांतिक परिषदेची निवडणूक २०१३ मध्ये झाली, मुदत २०१८ मध्ये संपली, आणि २०२४ च्या विजयाच्या दिवशी प्रांताचा कारभार कोलंबोने नेमलेल्या राज्यपालाच्या हाती होता.