सिम दिसेनासे झाले. ओळख मात्र जपली पाहिजे

(नागपूर येथे शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या नागपूर जिल्ह्यातील सातनवरी या गावी २०२५ साली 'स्मार्ट इंटेलिजंट' गावाचा उपक्रम सुरू झाला, हे आपणांस ठाऊक आहेच. शेतातील ओलावा मोजणारे उपकरण असो वा प्रवासी गाडीचा ठावठिकाणा कळविणारे यंत्र असो, अशी साधने आता शहरापुरती राहिलेली नाहीत. जे यंत्र मोबाइलच्या जाळ्यातून निरोप धाडते, त्याला सिम लागतेच. हे सिम आता खिशात ठेवण्याची वस्तू राहिलेले नाही. ते यंत्रातच जडविले जाऊ लागले आहे. त्यालाच ई-सिम म्हणतात. येथील 'ई' हे अक्षर 'इलेक्ट्रॉनिक' या शब्दाचे असावे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ते 'एम्बेडेड', म्हणजे जडविलेले, या शब्दाचे आहे.

कार्डापासून कोंदणापर्यंत

पहिली सिम कार्डे १९९१ मध्ये जर्मनीतील गीझेके अँड डेव्हरिएंट या कंपनीने फिनलंडमधील एका दूरध्वनी कंपनीसाठी तयार केली. तेव्हाचे कार्ड आजच्या बँकेच्या कार्डाएवढे होते. पुढे ते लहान होत होत नखाएवढे झाले. जडविलेली चिप तर साधारण ६ मिलिमीटर लांब व ५ मिलिमीटर रुंद असते आणि कारखान्यातच यंत्राच्या पट्टीवर बसविली जाते. कोंदणातील खड्याप्रमाणे ती सहसा काढता येत नाही.

मग कंपनी बदलायची कशी? यातच या तंत्राचे मर्म आहे. पूर्वी कार्ड आणि त्यातील ओळख एकजीव होती. आता चिप जागेवर राहते आणि ओळख दुरून पाठविली जाते. ग्राहकाची ही ओळख, कंपनीचे नाव व गुप्त किल्ली यांच्या गाठोड्यास 'प्रोफाइल' म्हणतात. एका चिपमध्ये अनेक प्रोफाइल साठविता येतात. वापरात मात्र एक किंवा दोनच असतात. भारतात दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये ई-सिमच्या वापराला वाट मोकळी करून दिली. भारत संचार निगमनेही २०२५ मध्ये ही सेवा सुरू केली.

यंत्रांच्या बाबतीत हा लाभ विशेष मोठा आहे. १ जानेवारी २०१९ पासून नव्या प्रवासी वाहनांत, रिक्षांसारखे अपवाद वगळता, स्थानदर्शक यंत्र व संकटकाळचे बटण बंधनकारक झाले. त्या यंत्राच्या मानकात जडविलेल्या सिमचीच अपेक्षा आहे. धूळ, धक्के व चोरी यांपासून ते सुरक्षित राहते, आणि सेवा बदलण्यासाठी प्रत्येक गाडीपाशी माणूस पाठवावा लागत नाही.

चार क्रमांकांची ओळख

या विषयात चार क्रमांक वारंवार येतात. त्यांची गल्लत होते आणि त्या गल्लतीचाच फायदा ठक घेतात.

पहिला 'आयएमईआय'. हा फोनचा स्वतःचा पंधरा अंकी क्रमांक. फोन हरवल्यास तक्रारीत हाच द्यावा लागतो.

दुसरा 'ईआयडी'. हा जडविलेल्या चिपचा बत्तीस अंकी क्रमांक. फोनवर *#०६# दाबले असता आयएमईआय दिसतो आणि ई-सिमची सोय असलेल्या फोनवर बहुधा हाही दिसतो.

तिसरा 'आयसीसीआयडी'. हा सिमचा किंवा प्रोफाइलचा अनुक्रमांक. तो ८९ या दूरसंचाराच्या खुणेने सुरू होतो आणि भारतात त्यापुढे ९१ येतात.

चौथा 'आयएमएसआय'. जाळ्यात ग्राहक ओळखला जातो तो या क्रमांकाने. भारतातील असे क्रमांक ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतात.

आपण ज्याला मोबाइल नंबर म्हणतो, तो दहा अंकी क्रमांक या चौघांहून वेगळा आहे. तो कोणत्या सिमच्या नावे लावायचा, याची नोंद कंपनीच्या दप्तरी असते. पंचायत सदस्यांना ही गोष्ट सातबाऱ्यावरून लगेच उमगेल. शेत जागेवरच असते. हक्क कोणाचा ते दप्तरातील नोंद सांगते, आणि नोंद बदलायची तर फेरफार व्हावा लागतो. सिम बदलणे म्हणजे कंपनीच्या दप्तरातील फेरफारच होय.

आणखी एक शब्द 'क्यूआर संकेत'. कंपनीने पाठविलेल्या या चौकटीत प्रोफाइल कोठून उतरवून घ्यावयाचे त्याचा पत्ता आणि एक परवलीचा संकेत असतो. ज्याच्या फोनने ती चौकट आधी वाचली, त्याच्या चिपमध्ये ओळख जाते.

धोका कोठे आहे?

जी ओळख दुरून पाठविता येते, ती दुरून पळविताही येते. ठक दूरध्वनी करतो, कंपनीचा माणूस असल्याचे सांगतो आणि 'आपले सिम बंद होणार आहे, ई-सिम करून घ्या' असे बजावतो. मग तो एक संदेश सांगतो व तो कंपनीच्या क्रमांकावर धाडावयास लावतो. त्या संदेशात ठकाच्या स्वतःच्या फोनचा ईआयडी किंवा ईमेलचा पत्ता असतो. ग्राहकाच्याच नंबरवरून विनंती गेल्याने कंपनीला ती खरी वाटते. हा फेरफार खातेदाराच्याच अंगठ्याने होतो! थोड्याच वेळात त्याच्या फोनचे जाळे नाहीसे होते आणि बँकेची ओटीपी दुसऱ्याच्या हाती पडू लागते.

शेतकऱ्याचे अनुदान, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, वृद्धेचे निवृत्तिवेतन ज्या बँक खात्यात जमा होते, ते खाते बहुधा या एका नंबराशी जोडलेले असते. म्हणून हा प्रश्न तंत्रज्ञांपुरता राहत नाही.

संरक्षणाच्या काही तरतुदी झाल्या आहेत. सिम बदलल्यानंतर २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचे निर्देश दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये दिले. १ जुलै २०२४ पासून, सिम बदलल्यावर सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. परंतु एसएमएस बंद म्हणजे दूरध्वनी बंद नव्हे. म्हणून या मुदतीच्या भरवशावर स्वस्थ राहू नये.

आपण काय करावे?

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आणि सदस्यांनी ग्रामसभेत तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. एक, ई-सिमची मागणी आपण होऊनच करावी, तीही कंपनीच्या दुकानात किंवा तिच्या अधिकृत अ‍ॅपवर. कोणी दूरध्वनीवरून सुचविले म्हणून करू नये. दोन, क्यूआर संकेत व ओटीपी कोणालाही देऊ नये आणि परक्याने सांगितलेला संदेश आपल्या फोनवरून धाडू नये. तीन, नेहमी जाळे असते अशा ठिकाणी फोन एकाएकी मुका झाला, तर शेजाऱ्याच्या फोनवरून प्रथम कंपनीला व बँकेला कळवावे. पैसे गेले असल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आपल्या नावावर किती जोडण्या आहेत, हे केंद्र शासनाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर पाहता येते. कार्यालयांनी यंत्रे खरेदी करताना त्यांतील सिमचे क्रमांक नोंदवहीत लिहून ठेवावेत आणि सेवा देणारी कंपनी पुढे बदलता येईल का, हे करारातच स्पष्ट करून घ्यावे.

कार्ड हाती होते तोवर ते हरवले की लगेच कळत असे. आता जपायचे ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हे चार शब्द व हे तीन नियम आपण घरोघरी पोहोचवावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.