पाळी चुकली की दिवस मोजा

(महागाव येथील बैठकीत केलेले भाषण)



जमिनीच्या बैठकीत हा विषय कशाला, असं सकाळी काही जणांनी विचारलं. मागच्या वर्षी आमच्या वस्तीतल्या एका बाईनं कोणाच्या तरी हातानं मेडिकलवरून गोळ्या मागवल्या. किती दिवस झाले ते तिनं सांगितलं नाही, विकणाऱ्यानं विचारलं नाही. चौथा महिना होता. रात्रभर रक्त गेलं. ट्रॅक्टरवर घालून नेलं तेव्हा शुद्ध नव्हती. वाचली ती. पण दाव्याच्या मोजणीला स्वतःच्या वावरात उभी राहू शकली नाही, अन् गावासाठी लढतो म्हणणाऱ्या आम्हाला तिच्या दुखण्याचा पत्ता नव्हता. म्हणून बोलतो.

लवकर गेलं तर गोळ्यांचा गर्भपात सुरक्षित आहे. शेवटची पाळी ज्या दिवशी आली तिथून मोजायचं. नऊ आठवडे, म्हणजे 63 दिवसांच्या आत. डॉक्टर तपासून पहिली गोळी देतात, मिफेप्रिस्टोन. एक-दोन दिवसांनी दुसऱ्या, मिसोप्रोस्टॉल. मग कळा येतात, पाळीपेक्षा जास्त रक्त जातं, गाठी पडतात. हे व्हायचंच असतं. शंभरातल्या 95 हून जास्त बायांचं एवढ्यात पूर्ण होतं. उरलं तर दवाखान्यात पिशवी साफ करतात. म्हणूनच दोन आठवड्यांनी परत दाखवायचं, रोजी बुडाली तरी. पुढं मूल होत नाही म्हणतात, ते खोटं आहे.

सिकलसेल असेल, अंगात रक्त कमी असेल, तांबी बसवलेली असेल, तर डॉक्टरला आधीच सांगा. तासाला दोन मोठे पॅड भिजतात असं सलग दोन तास चाललं, ताप उतरत नसेल, घाण वास येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

आता कायदा. 1971 च्या आधी हा गुन्हाच होता. 1964 साली शांतिलाल शहांची समिती नेमली, ते आपल्याच महाराष्ट्राचे मंत्री. त्यातून पुढं 1971 चा कायदा आला. बाई अठरा वर्षांची झाली की तिची एकटीची सही चालते, नवऱ्याची लागत नाही. दवाखान्यात मागतात, ती गोष्ट वेगळी! 2021 च्या दुरुस्तीनं लग्न न झालेलीलाही गर्भनिरोधक फसलं हे कारण सांगता येतं, अन् तिचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला शिक्षा आहे. अठराच्या आतल्या पोरीला मात्र पालकाची सही लागते. भिंतीवर जे लिहिलेलं असतं ना, ते मुलगा-मुलगी तपासण्याबद्दल आहे. तो कायदा वेगळा, 1994 चा. दोन्हींची गल्लत करून बायांना घाबरवतात.

खरी अडचण वाटेची आहे. शिकलेला डॉक्टर प्रत्येक आरोग्य केंद्रात नसतो. पुसद नाहीतर यवतमाळ गाठायचं म्हणजे एसटीचं भाडं, घरी द्यायचं कारण, सोबतीला कोणी. सोयाबीन काढणीत तर निघणंच होत नाही, अन् तेवढ्यात 63 दिवस सरतात. सरकारी दवाखान्याला यासाठी वेगळी मान्यता लागत नाही, डॉक्टर अन् गोळ्या लागतात.

तेव्हा येत्या ग्रामसभेत वनहक्काच्या अर्जांसोबत हाही अर्ज लावू: आमच्या जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात, कोणत्या वारी हा डॉक्टर भेटतो, ते लेखी द्या. उत्तर आलं की आशाताईंच्या दारावर चिकटवू.