गावाने दिलेली दृष्टी

(नाशिक येथे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



वास्तुविशारदाची घडण महाविद्यालयात सुरू होते, असे आपण समजतो. अच्युत कानविंदे यांचे चरित्र वाचले, की ती पुष्कळ आधी सुरू होते हे कळते.

सिंधुदुर्गातील आचरा या समुद्रकाठच्या गावी १९१६ साली त्यांचा जन्म झाला. ते दोन वर्षांचे असताना आई गेली. वडील मुंबईत कलाशिक्षक होते. व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे रंगवीत. मोठ्या कुटुंबात हा मुलगा वाढला. कोकणचा पाऊस आणि खारा वारा त्याने अंगावर घेतला. पाहावे कसे, हे वडिलांच्या कुंचल्याकडून तो शिकला. त्याच ओढीने १९३५ साली त्याने मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्ये वास्तुकलेसाठी प्रवेश घेतला.

पुढे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकून १९४७ मध्ये ते मायदेशी परतले. विचार आधुनिक, पण मातीचे भान सुटलेले नव्हते. कानपूरच्या आयआयटीत त्यांनी पायी चालणाऱ्यांना वाहनांपासून वेगळे केले आणि उंचावरील मार्गांनी इमारती जोडल्या. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीवर गरम हवा वर ओढून घेणारे उंच मनोरे उभारले. मला यात आचऱ्याचाच वारा दिसतो. कोकणातले कौलारू छप्पर त्यांनी गुजरातेत नेले नाही. घरात हवा खेळती ठेवण्याचे शहाणपण तेवढे नेले. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या नाशिककडे पाहू. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले, यावरून पूर मोजणारे हे गाव. वाड्यांचे चौक उजेड आणि वारा आत आणीत. २००८ आणि २०१९ चे पूर आपण पाहिले. उद्या तुमच्याकडे कुणी नदीला खेटून इमल्याचा नकाशा मागेल, कुणी पश्चिमेच्या उन्हात काचेची भिंत मागेल. त्या वेळी नम्रपणे ‘नाही’ म्हणण्याचे बळ पदवीतून मिळत नाही. ते संस्कारांतून येते.

पालकहो, म्हणून मुलांना गावी न्या, नदीकाठी न्या. आणि मित्रहो, कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी त्या जागेवर वैशाखातली एक दुपार आणि आषाढातला एक पाऊस अवश्य अनुभवा.