हद्दीचा वाद आणि तक्रारदाराचा हक्क



संकटात सापडलेल्या माणसाने पोलिसांशी संपर्क कसा साधावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ माहितीचा आहे. वस्तुतः तो नागरिकाच्या हक्काचा आहे. १९८१ साली ठाणे पोलीस आयुक्तालय स्थापन झाले. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर हा कष्टकऱ्यांचा मुलूख त्याच्या कक्षेत येतो. परंतु येथील रेल्वेचा फलाट लोहमार्ग पोलिसांच्या हद्दीत, तर स्थानकाबाहेरचा रस्ता शहर पोलिसांच्या. रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगाराचे पाकीट गाडीत हिसकावले की रिक्षातळावर, याचा खल होईपर्यंत त्याचा दुसऱ्या दिवसाचा रोज बुडतो.

जिवावर बेतले असेल, मारहाण चालू असेल, तर ११२ हा क्रमांक फिरवावा. आधी ठिकाण सांगावे, मग घटना. गाडीत लोहमार्ग पोलिसांसाठी १५१२, रेल्वेच्या मदतीसाठी १३९. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० वर तत्काळ कळवावे. विलंबाने पैसे हाती लागण्याची आशा मावळत जाते. हरवलेली वस्तू वा जुना तंटा यांसाठी मात्र ११२ अडवून ठेवू नये. त्यासाठी पोलीस ठाणे आहे.

खरी कसोटी लागते ती ठाण्याच्या टेबलापाशी. “अर्ज देऊन जा,” असे सांगितले जाते. पण अर्ज म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर, काही अपवाद वगळता, नोंद करणे बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. नकार मिळाल्यास वरिष्ठांकडे टपालाने लेखी तक्रार करावी. तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

कायदा इतका स्पष्ट असूनही एकटा, अल्पशिक्षित तक्रारदार रिकाम्या हाताने परततो. म्हणून प्रवासी संघटनांनी, कामगार संघटनांनी आणि वस्तीतील कार्यकर्त्यांनी त्याच्यासोबत ठाण्याची पायरी चढली पाहिजे, आणि नोंदीची प्रत हाती पडेपर्यंत तेथून हलता कामा नये.