दप्तर : कातड्यापासून पाठीवरच्या पिशवीपर्यंत

जूनमध्ये शाळा उघडली की घराघरांतून एक हाक ऐकू येते, ‘अरे, दप्तर भरलंस का?’ आज आपण या दप्तरात डोकावणार आहोत. आतल्या वह्या-पुस्तकांत नव्हे, तर ‘दप्तर’ या शब्दातच.

मराठीत हा शब्द फारसीतून आला, पण त्याचं मूळ आहे ग्रीक. ‘दिफ्थेरा’ म्हणजे कमावलेलं कातडं. एके काळी शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत असत. पुढे लव्हाळ्यापासून केलेला पपायरस आला, तरी आयोनियातले ग्रीक त्यालाही कातडंच म्हणत, असं हिरोडोटस या इतिहासकाराने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात नोंदवलं आहे. लिहायचं साधन बदललं, नाव तेच राहिलं. घटसर्पात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो, म्हणून त्याला डिप्थीरिया म्हणतात. तो शब्दही याच मुळाचा.

फारसीत ‘दफ्तर’ म्हणजे नोंदवही. तुर्कीत आजही ‘देफ्तेर’ म्हणजे वही. हिंदीत मात्र वह्या ठेवायची कचेरीच ‘दफ्तर’ झाली.

आणि मराठीत? आपल्याकडे जपून ठेवलेले कागद म्हणजे दप्तर. पुण्याचं पेशवे दप्तर प्रसिद्धच आहे. त्यातले निवडक कागद रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासून ४५ खंडांत प्रसिद्ध केले. हे मोडी कागद चौकोनी फडक्यात बांधून ठेवलेले असत. त्या गाठोड्याला म्हणतात ‘रुमाल’. जुन्या काळी मुलंही पाटी-पुस्तकं अशीच फडक्यात बांधून शाळेत नेत. चार टोकं, दोन गाठी, की झालं दप्तर! मला वाटतं, कचेरीतला शब्द मुलांच्या काखेत आला तो या फडक्याच्या गाठीतून. मग खाकी कापडाची पिशवी आली, पुढे चेनवाली, पाठीवरची. नाव मात्र बदललं नाही.

कातडं गेलं, फडकंही गेलं. उरला तो अर्थ : लिहिलेलं जपून ठेवायची जागा. म्हणून पालकांना एक विनंती. दुकानात खुशाल स्कूलबॅग मागा. पण घरी, मुलाच्या पाठीवर ती चढवताना, तिला दप्तरच म्हणा.