मेंदू घडतो कसा?



खानदेशात रावेर-यावलच्या पट्ट्यातला शेतकरी पूर्वी केळीचे कंद लावायचा. आता टिशू कल्चरची जी-नाइन जातीची रोपं शेतोशेती दिसतात. कोंबाच्या टोकाचा इवलासा तुकडा बाटलीत वाढवायचा आणि त्यातून एकसारखी रोपं उभी करायची, हे भुसावळच्या आसपास कुणाला नवं नाही. त्या टोकातल्या पेशींचं पान व्हायचं की आणखी काही, हे अजून पक्कं ठरलेलं नसतं, म्हणून हे जमतं. माणसाच्या गर्भातही अशा पेशी असतात. त्या मूलपेशी.

मूलपेशीनं मेंदू व्हायचं हे ठरतं कसं? या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा मुंबईत सापडला. सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकून, अमेरिकेतल्या कॅल्टेकमधून पीएच.डी. करून शुभा टोळे १९९९ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. उंदराच्या गर्भात मेंदूचं बाह्यपटल तयार होत असताना ‘एलएचएक्स-टू’ नावाचं जनुक काय करतं, हे त्यांच्या गटानं तपासलं. काही पेशींमधून ते काढून टाकलं, तर मधल्या बाजूच्या त्या पेशी बाह्यपटल होण्याचं सोडून शेजारच्या पेशींना हुकूम देऊ लागल्या: तुम्ही हिप्पोकॅम्पस व्हा! हिप्पोकॅम्पस म्हणजे स्मृती साठवण्यासाठी लागणारा भाग. तो भलत्याच ठिकाणी तयार झालेला दिसला. मात्र जनुक अगदी सुरुवातीच्या काळात काढलं तरच असं होतं. ती वेळ टळली की पेशी आपला मार्ग सोडत नाहीत. २००८ मध्ये हे ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं.

उंदरात जे दिसतं ते माणसात तपासायचं कसं? गर्भातल्या बाळाच्या मेंदूला तर कुणी हात लावू शकत नाही.

वाट जपानमधून निघाली. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या त्वचेतल्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना मूलपेशींच्या अवस्थेत परत नेलं. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींबाबतही ते साधलं. २०१३ मध्ये व्हिएन्नात मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांनी अशा पेशींचे गोळे जेलच्या थेंबांत ठेवले आणि पोषक द्रव सतत ढवळत राहील अशा भांड्यात वाढवले. साधारण दोन महिन्यांत ते चार मिलिमीटरपर्यंत वाढले. कापून पाहिलं तर आत पोकळ्या होत्या, त्यांच्याभोवती मूलपेशी आणि बाहेरच्या अंगाला नव्या चेतापेशींचे थर. हाच मेंदूचा ऑर्गनॉइड.

त्यांनी डोकं फार लहान राहणाऱ्या एका रुग्णाच्या पेशींपासूनही असे गोळे वाढवले. ते लहानच राहिले. कारणही डोळ्यांना दिसलं: मूलपेशी पुरेशा वाढण्याआधीच चेतापेशी बनून जात होत्या, त्यामुळे पुढचा साठाच संपत होता. उंदरात हा आजार नीट उतरवता आला नव्हता. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये झिकाच्या साथीत डोकं लहान असलेली बाळं जन्मू लागली, तेव्हा हा विषाणू वाढत्या मेंदूच्या पेशी मारतो, हे अशाच गोळ्यांवर काही महिन्यांत दाखवता आलं.

मग बातमी येते, ‘प्रयोगशाळेत मेंदू बनवला’. तो मेंदू नव्हे, हे लिहिणाऱ्यानं पहिल्याच परिच्छेदात सांगायला हवं. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून मोठा होताच मधला भाग मरतो. त्याला डोळे, कान, शरीर काही नाही. तो गर्भातल्या बाळाच्या मेंदूच्या सुरुवातीच्या वाढीची अपुरी प्रतिकृती आहे, आणि तेवढ्यानेही संशोधनाला मोठी मदत होते.

हा काटेकोरपणा का हवा? कारण ‘स्टेम सेल’ हा शब्द जाहिरातींतही फिरतो. मूल बोलत नाही, चालत नाही म्हणून खानदेशातून रात्रीच्या गाडीनं मुंबई-पुण्याला निघालेले आईबाप अशा जाहिरातींवर विश्वास ठेवतात आणि लाखो रुपये मोजतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण; बाकी सारं चाचणीच्या टप्प्यावर. आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात.

म्हणून मराठीत या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला एक आग्रहाची विनंती. लेखाच्या शेवटी चौकटीत तीन प्रश्न छापा, जे आईबाप डॉक्टरांना विचारू शकतील: ही चाचणी आहे की मान्य उपचार? चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला तिचा नोंदणी क्रमांक काय? आणि मग पैसे कशाचे?